सोड म्हटल्याशिवाय

हे घडलेलं आहे. कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या पायाखाली घडलेलं आहे.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही. रविवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी धाकट्या मुलाच्या गाडीत बसले होते. ड्रायव्हरच्या जागेवर.

मला गाडी चालवता येत नाही. मी फक्त ब्रेक दाबायला बसते.

आमच्या ह्यांचं गॅरेज होतं. ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा राहिली की ब्रेक नीट लागत नाही, आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर. चाकापाशी बसलेला म्हणतो, दाब. पेडलवरचा दाबतो आणि सांगतो, धरलंय. मग खालचा माणूस एक छोटा स्क्रू सैल करतो, तेल आणि हवा फसफसत बाहेर येते, तो स्क्रू आवळतो आणि म्हणतो, सोड.

सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा पुन्हा आत जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

लग्न होऊन आल्यावर ह्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही. घरात मी ह्यांचं कधी निमूट ऐकलं नाही, पण पेडलवर बसले की ऐकायचे. ह्यांचे मित्र म्हणायचे, वहिनींना गप्प करायचं असेल तर गाडीत बसवा.

हे गेले. गॅरेज गेलं. धाकटा छापखान्यात मशीनवर असतो, पण जीव गाडीत. साधी छोटी गाडी, तिच्यात त्यानं मोठं इंजिन बसवलं. गाडी पळायला लागली. मग म्हणाला, आई, आता तिला थांबताही आलं पाहिजे.

त्याला शर्यतीच्या गाडीचे कॅलिपर हवे होते. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग. ब्रेक दाबला की तो आवळतो. नवे परवडणारे नव्हते. मोबाईलवर जाहिरात सापडली. पुढच्या चाकांची जोडी, लाल रंग, जवळपास न वापरलेली.

जुना माल घ्यायला हे मला नेहमी बरोबर न्यायचे. हे मालाकडे बघायचे, मी विकणाऱ्याच्या तोंडाकडे. म्हणून धाकट्याबरोबरही मी गेले.

विकणारा सुतार होता. माझ्याच वयाचा. घराला लागून त्याचं काम करायचं दालन, सगळीकडे भुसा. कॅलिपर त्यानं लाकडी पेटीत ठेवले होते. त्यांच्या मापाच्या खाचा करून, आत मऊ कापड लावून. दागिने ठेवावेत तसे.

धाकट्यानं विचारलं, किती चाललेत?

सुतार म्हणाला, लावले होते. गाडी चालली नाही यांच्यावर.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्यावर खोटेपणा नव्हता. दुसरंही काही नव्हतं. पुसलेल्या पाटीसारखं तोंड.

“लावणार कोण?” त्यानं विचारलं.

“मीच,” धाकटा म्हणाला.

“आणि दाबायला?”

“आई बसते ना.”

सुतारानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. पायांकडे...

मग पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाला, “न्या.”

त्याच रविवारी धाकट्यानं ते बसवले. दुपारी हवा काढायला मला हाक मारली. मी बसले. तो पलीकडच्या चाकापाशी खाली होता, मला दिसत नव्हता. नुसता आवाज.

“दाब.”

मी पाय टेकवला... आणि पेडल माझ्या पायाखालून आधीच खाली गेलं.

जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं.

मी सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच आवाज आला...

“धरलंय.”

बाईचा आवाज. वयस्कर. मागून नाही, बाहेरून नाही. मी बसले होते तिथूनच आला.

धाकट्याला तो माझाच वाटला. त्यानं स्क्रू सैल केला. तेल फसफसल्याचं मी ऐकलं. स्क्रू आवळल्याचंही ऐकलं.

“सोड.”

मी पाय उचलला.

पेडल खालीच राहिलं.

“आई, सोड म्हटलं ना.”

“सोडलंय मी.”

“काय सोडलंयस? चाक हलत नाहीये इकडे.”

तो कुरकुरत उठून दाराशी आला. माझे दोन्ही पाय तोवर मी दाराबाहेर काढले होते. दोघंही पेडलकडे बघत राहिलो. ते जमिनीला टेकलेलं होतं. मग हळूहळू वर आलं... कोणाचा तरी पाय दमून निसटावा तसं.

धाकटा म्हणाला, ब्रेकच्या पंपात कचरा असेल.

 मला भीती वाटली असं मी लिहिणार नाही. काहीच वाटलं नाही. मी हात धुतले आणि चहा टाकला.

त्यानं सगळं खोललं, पुसलं, परत बसवलं. या वेळी सगळं सुरळीत झालं. दाब म्हटलं की मी दाबत होते, सोड म्हटलं की पेडल वर येत होतं. फक्त शेवटपर्यंत मला वाटत राहिलं, की सीटवर माझ्या खाली थोडी ऊब आहे, आणि ती माझी नाही.

दोन दिवसांनी तो सूनबाईला घेऊन बाहेर गेला. सरळ रस्ता, पुढे कोणी नाही, मागे ट्रक.

पेडल आपोआप खाली गेलं आणि तिथेच राहिलं. चाकं जागीच आवळली. ट्रकवाल्यानं कसाबसा ट्रक बाजूला काढला. गाडीचा आरसा तुटून गेला, एवढ्यावर निभावलं.

सूनबाई घरी आली, तुटलेला आरसा टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे बोलली.

“आई, तुमच्या मुलाला समजवा. याच्याबरोबर जगायचं मी कबूल केलंय. मरायचं नाही.”

रात्री जेवताना धाकटा एवढंच म्हणाला, की गाडी थांबली तेव्हा त्याच्या तोंडून सवयीनं ‘सोड’ निघालं. दोनदा म्हणाला तो. पेडल हललं नाही.

मी म्हटलं, ते कॅलिपर काढून टाक. तो म्हणाला, बारीकसा दोष आहे, सापडेल. येत्या रविवारी मित्रांबरोबर डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर जायचं ठरलं होतं आणि त्याला हेच ब्रेक घेऊन जायचं होतं. तो बापावर गेलाय. दोष सापडेपर्यंत वस्तू हातातून खाली ठेवत नाही. सूनबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

त्या वळणांवर ब्रेक असा आवळला तर गाडी कुठे जाईल, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

मी एकटीच सुताराकडे गेले.

तो एका ड्रॉवरला रंधा मारत होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “वर येत नाही ना?”

मी म्हटलं, नाही.

त्यानं रंधा बाजूला ठेवला. भुसा झटकून मला स्टूल दिलं आणि सांगायला लागला. रडला नाही, थांबलाही नाही. दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं सांगितलं.

त्याला एकच मुलगा. गाडीचं वेड. हे कॅलिपर त्यानंच आणले होते आणि बसवत होता. पेडलवर त्याची आई बसायची, माझ्यासारखीच. या मोठ्या कॅलिपरना आतल्या बाजूलाही एक स्क्रू असतो. त्याला हात पुरेना म्हणून मुलगा गाडीखाली शिरला. गाडी नुसत्या जॅकवर होती, खाली दुसरा आधार लावला नव्हता. तो म्हणाला, दाब. ती म्हणाली, धरलंय.

जॅक निसटला.

गाडी खाली आली, ते तिला कळलं. तिला वाटलं, त्यानंच उतरवली. त्यानं सोड म्हटलं नव्हतं. ती धरून बसली.

सुतार बाहेरच्या कामावरून घरी आला तेव्हाही ती धरूनच बसलेली होती.

“मी म्हटलं तिला, सोड,” तो म्हणाला. “त्या दिवशी म्हटलं, नंतरही रोज म्हणत होतो. ती रोज त्या गाडीत जाऊन बसायची. मला म्हणायची, तुम्ही कशाला सांगताय, तो सांगेल ना.”

पुढे ती आजारी पडली आणि गेली. गेली तेव्हा तिचा उजवा पाय सरळ ताठ होता. वाकवता आला नाही.

गाडी त्यानं भंगारात दिली. कॅलिपर मुलानं हौसेनं आणलेले, म्हणून ते काढून ठेवले. पण घरात ठेवता येईनात आणि फेकता येईनात. फेकायचे म्हणजे तिलाच फेकल्यासारखं.

मी विचारलं, मग आमच्या घरी का दिलेत?

त्यानं पुन्हा माझ्या पायांकडे पाहिलं.

“तुमचा मुलगा म्हणाला, आई बसते. वाटलं, माझं ऐकलं नाही, बाईचं ऐकेल.”

मला राग यायला हवा होता. आला नाही.

परत आणले तर घ्याल का, म्हटलं. तो लगेच हो म्हणाला. मग म्हणाला, “पण तो काढू देणार नाही, ताई. माझाही ऐकत नव्हता.”

शनिवारी दुपारी धाकटा छापखान्यात होता, सूनबाई तिच्या कामावर. मी शेडमध्ये गेले. गाडी उभी होती. दार उघडलं...

सीट पुढे ओढलेली होती.

धाकटा उंच आहे. तो सीट नेहमी मागे लोटतो. मीही इतकी बुटकी नाही. मी अंग चोरून आत बसले. गुडघे स्टिअरिंगला लागत होते.

पेडल खाली गेलेलं होतं.

चप्पल काढून मी उजवा पाय त्यावर ठेवला. पेडलवर खरबरीत रबर असतं. इतकी वर्षं माझ्या तळव्याला ते माहीत आहे.

ते लागलं नाही.

जे लागलं ते गार होतं. मऊ होतं. वरून शिरा लागत होत्या... म्हाताऱ्या पायाच्या असतात तशा.

मी पाय काढला नाही. म्हटलं, “बाई, मी आले आहे. आता मी धरते. तू सोड.”

काही झालं नाही. पत्र्यावर एक पक्षी चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

आणि अगदी जवळून...

“तो म्हणाला नाही अजून.”

मी म्हटलं, “तो आता म्हणणार नाही, बाई.”

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. माझा पाय तसाच होता, तिच्या पायावर. मग खालची बोटं हलल्यासारखी वाटली. माझ्या तळव्याखालून काहीतरी सावकाश सरकत गेलं. पेडल वर उसळलं, आणि ते पूर्ण वर यायच्या आत मी ते दाबलं.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “धरलंय.”

शेडमध्ये मी एकटी होते. एकटी असल्याचं कळतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा डोंगरात गेला आणि संध्याकाळी हसत परत आला. असे ब्रेक आयुष्यात पाहिले नाहीत म्हणाला. पंपातच कचरा होता, आई, मी म्हटलं नव्हतं का? सूनबाईनं महिनाभर तोंड फुगवलं आणि मग त्याच्याशी बोलायला लागली. आता तीही गाडीत बसते. तेव्हापासून पेडल एकदाही अडकलेलं नाही.

माझ्या उजव्या पायाला मात्र गुडघ्याखाली काही कळत नाही.

डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. मी दुसरीकडे बघत होते, टोचली ते मला समजलं नाही. साखर तपासली, ती नाही. कंबरेचा फोटो काढला, तो चांगला आहे. वयामुळे होतं म्हणाले. आता चालताना पाय कुठे पडतोय ते बघून चालावं लागतं.

गाडी शेडमधून बाहेर पडली की तेवढा वेळ पायात जीव येतो. मी स्वयंपाकघरात असेन, नाहीतर पलंगावर. टाच खाली घट्ट बसते आणि तळवा दाबला जातो. कधी हळू, कधी जोरात. वळणांचा रस्ता असेल तर पोटरी दुखून येते. तो घरी येऊन गाडी बंद करतो, की पाय पुन्हा लाकूड.

सुतार एकदा रस्त्यात भेटला होता. माझ्या हातातली काठी त्यानं पाहिली. बाजूला होऊन मला वाट दिली.

धाकट्याला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो हसेल, आणि हसता हसता म्हणेल, आई, सोड ते.

पेडलवर बसल्यावर मी तो शब्द कधी मोडलेला नाही. त्याच्या तोंडून आला तर माझा पाय उचलला जाईल.

मग तिथे ती परत येईल, की कोणीच नसेल, हे मला माहीत नाही.

हे लिहिते आहे तेव्हा तो बाहेर गेलेला आहे. सूनबाईही बरोबर आहे. पाऊस लागलाय. टाच घट्ट बसली आहे... आणि आत्ता तळवा फार जोरात दाबला गेला, आणि अजून उचलला गेलेला नाही.