टेकाडावरचा तास

त्या दिवशी मी युराकपंपाला गेले ती फक्त छापील धडे पोचवायला. साथीमुळे शाळा बंद होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. मी खाली शहरातून फोनवर तास घ्यायचे, आणि अँडीजच्या त्या उंच पठारावरची माझी मुलं गावामागच्या टेकाडावर चढून ते ऐकायची. गावात रेंज नव्हतीच.

एदिताही तशीच चढायची. सहावीतली पोर, हुशार आणि तितकीच हट्टी. पावसाच्या तोंडावर एका दुपारी आभाळ काळंकुट्ट भरून आलं. बाकीची पोरं पळाली. ही मात्र 'तास संपला नाही अजून' म्हणत बसून राहिली. वीज तिच्यावरच कोसळली. मला इकडं फक्त खरखर ऐकू आली, मग काहीच नाही. वाटलं, नेहमीसारखी रेंज गेली असेल...

त्यानंतर कुणी आपलं पोर टेकाडावर पाठवेना. गावातून येणारी उत्तरं थांबली. फक्त एदिताच्या धाकट्या बहिणीची, रोसाउराची, रोज यायची.

त्या दिवशी त्यांच्या घरी पोचले, तेव्हा त्यांच्या आईनं, सातुर्निनानं, माझ्यापुढं उकडलेले बटाटे आणि चीज ठेवलं. चुलीत वाळलेलं शेण धुमसत होतं.

"रोसाउराला रेंज कुठं मिळते?" मी विचारलं.

"वरच." ती चुलीकडं बघत म्हणाली. "खाऊन घ्या, बाई. मग आपण जाऊ. माझं एक काम आहे तुमच्याकडं."

रोसाउराला घेऊन आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. वर जावं तसं धुकं दाटत गेलं. वाऱ्यानं सतत सळसळणारं तिथलं गवत त्या दिवशी गप्प उभं होतं. आमच्याच पावलांचा आवाज मला परका वाटायला लागला. माथ्यावर एक सपाट दगड होता, एका अंगानं काळा पडलेला. दम लागला म्हणून मी त्यावर टेकले. फोन उंच धरला, वळवून पाहिला. काही नाही.

"बाई..." रोसाउरा हळूच म्हणाली, "थोडं सरका ना. ताईच्या जागेवर बसलात तुम्ही."

मी सरकले. फोन हातात थरथरला. अडकलेले निरोप एकामागून एक येऊन पडायला लागले. माझ्या शेजारचा दगड कोरडा होता, पण तिथून ओल्या लोकरीचा वास येत होता. भिजलेलं पोर जवळ येऊन बसावं, तसा.

"ती खाली येतच नाही," सातुर्निना म्हणाली. "रोज येऊन हाका मारते मी. पाद्रीबाबांनाही आणलं. ती या रोसाउराला सांगते, 'तास संपला नाही अजून.' हिलाच ऐकू येतं तिचं... मला नाही येत." तिचा आवाज चिरकला. "माझं तर ती कधीच ऐकत नव्हती. तुमचं ऐकेल. बाई, तिला घरी सोडा हो."

कुणाकडं बघून बोलावं ते मला कळेना. शेवटी मी त्या रिकाम्या जागेकडं वळले.

"एदिता... तास संपला. छान अभ्यास केलास. आता घरी जा, बाळा."

धुक्यात काहीच हललं नाही. फोनवरची रेंज तेवढी गेली. सातुर्निना उठली, शालीनं डोळे पुसले आणि मागं न बघता उतरायला लागली. एक हात मात्र तिनं थोडा मागं धरला होता. लहान मुलाला उतारावर आधार द्यावा, तसा. सबंध वाटेवर तो हात खाली आला नाही.

घरी पोचलो. वेळ बघायला मी फोन काढला आणि थिजले. त्या घरात, चार भिंतींच्या आत, पूर्ण रेंज होती.

रोसाउरा दाराशी मान तिरपी करून उभी होती. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"बाई... ताई विचारतेय, उद्याचा तास किती वाजता?"

मी सातुर्निनाकडं पाहिलं. सोलता सोलता बटाटा तिच्या हातात तसाच राहिला होता.

"सांगा ना, बाई..." ती कुजबुजली. "कुठलीही वेळ सांगा. फक्त... तास इथंच होईल म्हणावं. घरातच."