शेजारधर्माचा दर

केतकीनं ट्रॅक्टर बांधाशी उभा केला, समोर पाहिलं, आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथं छापण्यासारखा नाही.

ओकामोतो आजींच्या शेतात रोटर फिरून झाला होता. माती भुसभुशीत, काळीभोर, ओल्या वासाची... आणि बांधावर एक उंच तरुण पाय सोडून चहा पीत बसला होता. शेजारी त्याचा लाल ट्रॅक्टर, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढलेली. कोबेपासून बसनं दीड तासावरच्या या खेड्यात हळदकुंकू? पण आश्चर्य वाटून घ्यायला केतकीला सवड नव्हती, इतकी ती चिडली होती.

"हे कोणी केलं?" तिनं सरळ मराठीतच विचारलं.

"मी." तो गडबडीनं उठला. डोळे जपानी, मराठी मात्र अस्सल साताऱ्याकडची. "सहालाच आलो. आजी म्हणत होत्या, कोणीतरी येणार आहे. मी म्हटलं, कशाला उगीच पैसे घालवता—"

"ते कोणीतरी म्हणजे मी. आणि ते पैसे माझे होते!"

"ओह... गोमेन. सॉरी. मी अंबरीष."

"मी विचारलं नाही."

तो हसला. हसायला नको होतं त्यानं, कारण हसल्यावर त्याच्या गालाला खळी पडली आणि ती दिसल्याचा केतकीला आणखीच राग आला.

"तुम्ही किती घेतलेत?"

"छे! शेजाऱ्यांकडून पैसे? आईचं गाव आहे हे, बाबा साताऱ्याचे. आजोबांचा ट्रॅक्टर आहे, डिझेल कितीसं लागतं... शेजारधर्म म्हणून करतो शनिवार-रविवारी."

"सोमवारी पगाराची नोकरी असली की शेजारधर्म छान जमतो," केतकी म्हणाली आणि ट्रॅक्टर वळवून निघून गेली.

दहा वर्षं ओसाकात कॉम्प्युटरसमोर काढून, इथला कायमचा रहिवास मिळाल्यावर तिनं नोकरी सोडली होती. साठवलेल्या पैशांतून एक जुना ट्रॅक्टर घेतला होता. या गावात जमिनी लहान आणि माणसं म्हातारी, कामाला तोटा नव्हता. इथं जमीन तानात मोजतात, एक तान म्हणजे आपले दहा गुंठे. डिझेल, रोटरची झिजणारी पाती, स्वतःची मेहनत असा सगळा विचार करून तिनं दर ठरवला होता : तानाला सात हजार येन. चिठ्ठ्या छापून घरोघर दिल्या होत्या. पण गेल्या चार आठवड्यांत कामं आटत चालली होती. ओसाकाची कंपनी परत बोलावत होती आणि एक जूनच्या आत उत्तर मागत होती. आता कामं कोणी आटवली तेही कळलं होतं, खळीसकट.

पुढचे दोन शनिवारही असेच गेले, आणि तिसऱ्या शनिवारी तो तिच्या दारात उभा. हातात कांद्यांनी भरलेलं खोकं.

"गावानं दिलेत. मला एकट्याला कुठं संपणार? अर्धे तुमचे."

"माझी गिऱ्हाइकं पळवायची आणि वर मला कांदे?"

"म्हणजे... राग गेला नाही अजून?"

"तुम्ही तो जाऊ दिलात तर ना! दर शनिवारी ताजा करून देता."

"मग बरंय," तो चाचरत म्हणाला, "म्हणजे दर शनिवारी... भेट तरी होते."

तिनं धाडकन दार लावून घेतलं. मग दाराला टेकून उभी राहिली, उगीचच, त्याची पावलं लांब जाईपर्यंत. स्वतःवरही चिडली ती. ज्याच्यामुळे चंबूगबाळं आवरायची वेळ आली, त्याची पावलं कसली ऐकायची!

मेच्या शेवटच्या रविवारी ती गावाच्या वरच्या अंगाला गेली होती. तिथं ओकामोतो आजींचा आणखी एक तानभर तुकडा होता, काळ्या सोयाबीनचा. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं. आणि त्या गवतात एकोणऐंशी वर्षांच्या आजी कमरेत वाकून कुदळ मारत होत्या. दर दोन घावांनी थांबत होत्या.

केतकीनं धावत जाऊन कुदळ काढून घेतली. "आजी, हे काय? अंबरीष-सानना का नाही सांगितलंत?"

आजी संकोचल्या. इकडे तिकडे पाहून हळू आवाजात जपानीत म्हणाल्या, "त्याला कसं सांगू परत? मागच्या वेळचंच फिटलं नाही. स्ट्रॉबेरी दिल्या, तांदूळ दिला. तेवढ्यानं काय होतं? म्हणून बसनं कोबेला जाऊन मिठाईचा डबा आणला. तो घेतो आणि परत म्हणतो, कशाला... आता काय देऊ? माझ्याकडे देण्यासारखं राहिलं नाही."

"मग मला बोलवायचं!"

"तुला पैसे दिले तर त्या पोराला काय वाटेल? त्याला नाही म्हटल्यासारखं होतं ना." आजींनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. "तानाका-सानही नाही बोलावत आता. मोरी-सानही नाही. यंदा राहू दे पडीक, म्हणतात."

केतकीच्या मस्तकात तिडीक गेली. ती तशीच उतारानं खाली गेली आणि ट्रॅक्टर पुसत असलेल्या अंबरीषसमोर उभी राहिली.

"चला."

"कुठं?"

"तुमचा शेजारधर्म बघायला!"

त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं ट्रॅक्टर सुरू केला. वर पोचल्यावर त्यानं गवत पाहिलं, कुदळ पाहिली, आजींचे सोललेले तळवे पाहिले. केतकीनं आजींचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, तेही आवाज चढवून. आजींना मराठी कळत नव्हती, पण आवाज कळत होता. त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

अंबरीषचा चेहरा उतरला. "मला वाटलं, त्यांची कामं संपली म्हणून बोलावत नाहीत. मी इथं वाढलो, केतकी-सान. मला हे कळायला हवं होतं."

"हवंच होतं!"

त्यानं खिशातून कागद काढला, बॉनेटवर ठेवला आणि लिहू लागला. केतकी वाकून बघू लागली. तानाला आठ हजार येन.

"आठ? मी सात घेते हे माहीत आहे ना? आठ देऊन तुम्हाला कोण बोलावेल?"

"कोणीच नाही." तो मान वर न करता म्हणाला. "मी पैसे मागतो म्हटल्यावर कोणाला ओशाळं वाटायला नको... आणि सगळे तुम्हालाच बोलावतील."

"मला तुमची दया नको आहे!"

"दया नाहीये ती—" आता त्याचाही आवाज चढला. "तुम्ही ओसाकाला परत जाणार असं गावात ऐकलं. गेलात तर मी शनिवारी इथं येऊन काय करू? चार आठवडे मला एवढंच दिसतंय. तुम्ही दार आपटता तेसुद्धा मला आवडतं. आता रागवा हवं तेवढं!"

बेडूक ओरडत होते. केतकीचे कान तापले होते, आणि पहिल्यांदाच ते नुसत्या रागानं नव्हते. तिनं त्याच्या हातातून पेन ओढलं, आठवर फुली मारली आणि कागद फाटेल इतक्या जोरात लिहिलं : सात हजार.

"दोघांचाही हाच दर. आणि फोन नंबर एकच राहील. माझा."

"माझा का नाही?"

"कारण तुला कोणाला नाही म्हणता येत नाही! उद्या कोणी हात जोडले की तू परत फुकट जाशील." अहो-जाहो कुठं गळून पडलं, तिच्या लक्षातही आलं नाही. "मला नाही म्हणता येतं. ओसाकालाही आजच कळवणार आहे, येत नाही म्हणून."

अंबरीष तिच्याकडे बघतच राहिला. "आणि मला?"

"तुला 'नाही' म्हणून बघितलं चार आठवडे," केतकी चिडूनच म्हणाली, "नाही जमलं."

आजी हळूच पुढं आल्या. "भांडण मिटलं का? मग... किती द्यायचे?"

"सात हजार," दोघं एकदमच म्हणाले.

आजींनी नोटा काढल्या, दोन्ही हातांनी अंबरीषपुढं धरल्या. त्यानं दोन्ही हातांनी घेतल्या, एकदाही 'कशाला' न म्हणता. आजींचा चेहरा उजळला. त्यांनी कंबर सरळ केली आणि पहिल्यांदाच हुकमी आवाजात सांगितलं, "कोपरे नीट काढायचे हं. आणि घरामागचाही तुकडा आहे. तो पण आजच पाहिजे."