दुहेरी नारळ

नारळ कानाशी धरून हलवून बघणारी माणसं शालननं पुष्कळ पाहिली होती. पण शर्यतीवर लावायचा नारळ असा पारखणारा माणूस तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

"पाणी बघताय व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई... कुठल्या घोड्यावर लावू म्हणून त्यालाच विचारतोय."

"मग काय म्हणालं?"

"म्हणालं, या ताईंना— नको, ताई नको. म्हणालं, यांनाच विचार."

शालननं मान खाली घातली. हसू आलेलं दिसू नये, एवढ्यासाठीच.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कोरेगावजवळच्या त्या गावात माघातल्या जत्रेला घोड्यांच्या उड्यांची शर्यत होत असे. हे खूळ शालनच्या वडिलांनी, रिसालदार लालासाहेबांनी, पलटणीतून पेन्शनीबरोबर आणलं होतं. माळावर कडब्याच्या पेंढ्यांचे आडवे कूड उभे करायचे आणि त्यांवरून घोडी उडवायची. टांग्याच्या घोड्यापासून धनगराच्या तट्टापर्यंत कुणीही यावं. सगळ्यांना सारखी आशा राहावी म्हणून तगड्या घोड्याच्या खोगिराला वाळूच्या पिशव्या बांधत. कुणावर किती वाळू, ते लालासाहेब ठरवत. त्यामुळं पहिलं कोण येणार, हे देवळातल्या देवालाही सांगता आलं नसतं. पैशाची पैज पोलीस पाटलांनी बंद केली होती, म्हणून लोक नारळ लावत. नारळांच्या राशीपाशी शालन बसे, कारण वजन ठरवणाऱ्याच्या घरच्यांनी पैज लावायची नाही आणि कुठल्या घोड्यावर लावावी ते कुणाला सांगायचंही नाही, असा नेम होता. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

हा पाहुणा सांगलीचा होता. नाव मानसिंग. काकांच्या हळदीच्या दुकानात हळदीची प्रत बघायचं काम करी.

"लावायचं कसं, तेवढं तरी सांगा," तो म्हणाला.

"एकेरी लावलं तर घोडं पैलं आलं तरच मिळतंय. दुहेरी लावलं तर अर्धे नारळ पैल्या नंबरावर, अर्धे पैल्या तिघांत. पैलं न्हाई आलं, तरी दुसरं-तिसरं आलं की काईतरी पदरात पडतं."

"मग समदी दुहेरीच का लावत न्हाईत?"

"नावाजलेल्या घोड्यावर दुहेरी लावून काय मिळतंय? दुहेरी लावायची ती मधल्या घोड्यावर. ज्याच्यावर वाळू कमी, कुणाचं ध्यान न्हाई... आन जे कुडावर अडखळत न्हाई."

"असं कुठलं हाय?"

"ते सांगायचं न्हाई."

"नका सांगू. मी नावं घेतो, तुमी आपले नारळ मोजा." तो उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "बिजली?"

शालन मोजत होती.

"पाखऱ्या?... लाडक्या?"

शालन मोजत होती.

"चंद्री?"

शालनची मोजणी चुकली.

"दुहेरी," मानसिंग उठत म्हणाला, "समदे चंद्रीवर."

तोंडातून अक्षर गेलं नव्हतं, म्हणजे नेम काही मोडला नव्हता. शालननं स्वतःची तशी समजूत घातली. चंद्री ही गुंडा धनगराची पांढुरकी घोडी. शेवटच्या कुडावर बिजली वाळूच्या भारानं कोलमडली, मागची दोन घोडी तिला अडखळली, आणि चंद्री बाजूनं सावकाश उडी मारून तिसरी आली. मानसिंगनं वाट्याचे नारळ घेतले आणि त्यातले निम्मे तिथंच ठेवले.

"पुढच्या जत्रंला येतो तवा द्या," तो म्हणाला.

फाल्गुनात शेजारच्या गावी शर्यत झाली, तिथंही नारळांपाशी शालनच होती. आणि तो आला. हळदीचा मंद वास त्याच्या सदऱ्याला यायचा. गर्दीत तो दिसण्याआधी तिला तो वास कळला. त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. त्या दिवशी त्यानं घोड्यांची नावं कमी घेतली आणि तिच्याकडं जास्त पाहिलं. शालनला तो आवडला होता. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

मधल्या दिवसांत साताऱ्याच्या एका वकिलाचा मुलगा तिला बघून गेला. "बघू," असं शालन म्हणाली, आणि लालासाहेबांनी चैत्र सरल्यावर कळवतो असा निरोप धाडला.

चैत्रातल्या जत्रेला मानसिंग आला तो मोठ्या खुशीत.

"तुमच्याकडनं शिकलेलं लय कामाला आलं बघा."

"कुठं?"

"घरात. काकांनी माझं लग्न काढलंय. मी म्हणलं, कोरेगावला एक जागा हाय, माझ्या मनात तीच. पर रिसालदार न्हाई म्हणले तर? म्हणून मिरजेची एक पोरगी बी बघून ठेवलीया. तिला हो न्हाई आन न्हाई बी न्हाई. म्हंजे पैला नंबर तुमीच! पर तसं न्हाई जमलं, तरी..."

तो थांबला. त्याला शाबासकी हवी होती.

"तरी तिसऱ्यात कुणीतरी हाय," शालन म्हणाली.

"आता कसं!"

"त्या मिरजेच्या पोरीला ठावं हाय का, ती तिसऱ्यात हाय ते?"

मानसिंगचं हसू तिथंच राहिलं.

"आन मी न्हाई म्हणले, तर तुमास्नी कितीसं लागंल? गुडघा तरी खरचटंल का?"

"अवं, तसं न्हाई..."

"तसंच हाय. अर्धा माणूस मला नगं."

तो उभा राहिला. कानशिलं लाल झाली होती. "आन सातारच्या वकिलाचं काय? चैत्र सरल्यावर सांगतो म्हणून थांबवून ठेवलंय न्हवं त्याला? समदी जत्रा बोलतीया."

तो गेला, आणि त्या दिवशी त्यानं एकही नारळ लावला नाही.

तिला राग आला, तो बराच वेळ टिकला, आणि मग हळूहळू तिच्यावरच उलटला. वकिलाच्या मुलाला ती 'न्हाई' का म्हणाली नव्हती? मानसिंगनं विचारलंच नाही तर... म्हणून. दुसरं कारण नव्हतं. सांजेला लालासाहेब ओट्यावर खोगिराला तेल लावत बसले होते.

"आबा, सातारला न्हाई म्हणून कळवा."

"सांगलीच्या त्या पोरानं इचारलंय का तुला?"

"न्हाई. भांडून गेलाय."

लालासाहेबांचा हात थांबला. "वकिलाचं घर चांगलं हाय, पोरी. ते गेलं, आन ह्यो बी न्हाई आला तर?"

"तर न्हाई आला."

त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात साळूआत्या वर्षाची हळद भरायला सांगलीला निघाली. पिशव्या उचलायला म्हणून शालनही गाडीत बसली. पेठेत हवासुद्धा पिवळी होती. मानसिंग एका ढिगापाशी हळकुंडं मोडून आतला रंग बघत होता. कोपरापर्यंत हात, भुवया, सदरा— सगळं पिवळं.

"अगं बया," साळूआत्या म्हणाली, "ह्यो तर हळद लावूनच बसलाय!"

शालन थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. थांबली असती तर बोलता आलं नसतं.

"मी सातारला न्हाई सांगितलं. तुमी याल म्हणून न्हाई... माझं मलाच ते बरं दिसंना. मिरजेचं तुमचं तुमी बघा. एवढंच सांगायला आले."

"मिरजेचं झालं," मानसिंग म्हणाला.

"कवा?"

"जत्रंच्याच दिशी. सांगली आली, पर उतरलोच न्हाई. तसाच पुढं मिरजेला गेलो. पोरीच्या बापाला हात जोडले. म्हणलं, चूक झाली, माझं मन दुसरीकडं हाय. त्यांनी चहा बी न देता घालवलं. बरोबर केलं."

"मग... तुमी का आला न्हाईसा?"

"कुठल्या तोंडानं येऊ? तुमी वकिलाच्या पोराला हो म्हणला असाल, असंच धरून चाललो होतो."

"म्हंजे दोनीकडचं घालवून बसला होतासा?"

"व्हय."

"आन पुढं काय करणार होतासा?"

मानसिंगनं हातातल्या हळकुंडाकडं पाहिलं. "काय न्हाई."

शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. हळदीच्या धुरळ्यानं आलं असं म्हणायची तिची तयारी होती, पण ती तसं म्हणाली नाही.

"मला तुमीच पायजे," ती म्हणाली. भर पेठेत. हमालांच्या देखत.

"सरा, सरा!" पोत्याखाली वाकलेला एक हमाल मागून ओरडला. दोघं घाईनं बाजूला झाली, आणि होता होता त्यानं तिचा हात धरला. तिचाही हात पिवळा झाला. साळूआत्यानं ते पाहिलं आणि भाव विचारायला ती पलीकडच्या ढिगाकडं निघून गेली.