तेरा माणसांचा कोपरा

ब्रांटबाईंच्या दारावरच्या बेलवर दोन बोटं एकदमच टेकली.

एक बोट लिनिया हाउगेनचं, लाल लोकरी हातमोज्यातलं. दुसरं उघडं, थंडीनं गुलाबी पडलेलं. त्या बोटामागे एक उंच तरुण उभा होता. टोपीवर बर्फ साचलेलं, काखेत प्रचाराच्या कागदांचा गठ्ठा. गठ्ठा लिनियाच्याही काखेत होता. दोघांनी एकमेकांच्या कागदांवरचा फोटो पाहिला. तिच्याकडे सिनेटर कॅलोवे हसत होत्या, त्याच्याकडे गव्हर्नर प्रुइट.

“आधी मी आले,” लिनिया म्हणाली.

“बोट आधी माझं टेकलं.”

“तुमचे गव्हर्नरही असंच बोलतात. पुराव्याशिवाय.”

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. पण तो मोकळेपणानं हसला, आणि त्या हसण्याची वाफ क्षणभर दोघांच्या मध्ये तरंगत राहिली.

दार उघडलं. एकोणऐंशी वर्षांच्या ब्रांटबाई हातात लाटणं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दोघांना नखशिखान्त न्याहाळलं.

“दोघंही आत या. मी अजून कुणाचीच नाही. माझ्यासमोर भांडा, म्हणजे मला ठरवता येईल. आणि बूट बाहेर काढा.”

केलर्स फोर्ड या गावात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मतपेटीपासून सुरू होत नाही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वॉर्डातली माणसं शाळेच्या व्यायामशाळेत जमतात, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात आणि मोजली जातात. शेजाऱ्यासमोर, मालकासमोर, सासूसमोर. ज्या कोपऱ्यात शंभरातली पंधरा माणसंही नाहीत तो मोडतो. त्यातल्यांनी दुसरा कोपरा धरायचा किंवा घर गाठायचं. या वॉर्डात ऐंशीच्या थोडी वर माणसं येतात. म्हणजे लिनियाला तेरा माणसं हवी होती. चार महिने दारोदार हिंडून तिची यादी, तिला स्वतःला धरून, अकरावर अडली होती. जेवताना, गाडी चालवताना, डोळे मिटताना तिच्या डोक्यात एकच आकडा असायचा.

ब्रांटबाईंच्या स्वयंपाकघरात दालचिनीचा वास दरवळत होता. वेन्डेल टीग – हे त्या गुलाबी बोटाच्या मालकाचं नाव – काउंटीच्या आपत्कालीन फोनवर बसायचा. लिनिया काउंटीच्या कर कार्यालयात खिडकीवर. त्यामुळे भांडणाची वाटणी आपोआप झाली. पोलीस त्याचे, कर तिचे.

“पोलिसांना जास्त पैसा, जास्त प्रशिक्षण,” लिनिया म्हणाली. “सिनेटरबाई एवढंच तर म्हणतात. त्यात वाईट काय?”

“वाईट काहीच नाही. पण काल एका आईचा फोन आला. मुलगा तीन दिवस जेवला नाही, भिंतीशी बोलतोय. मी कुणाला पाठवलं? कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला. दुसरं कुणी माझ्याकडे नव्हतंच. भला माणूस आहे तो, दोन तास जमिनीवर बसून त्या मुलाशी बोलला. पण ते त्याचं काम नव्हतं. गव्हर्नर म्हणतात, अशा ठिकाणी नर्स पाठवा.”

“आणि नर्सचा पगार? कर तर कमी करणार आहेत म्हणे तुमचे गव्हर्नर. पगार काय हवेतून काढणार?”

“हं,” ब्रांटबाई म्हणाल्या. “हे बरोबर बोलली पोरगी.” आणि सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या पायचा मोठा तुकडा लिनियाच्या ताटलीत पडला.

“अहो, पगार मोठ्या कंपन्यांकडून कसा काढायचा, ती माझी दोन वाक्यं राहिली!” वेन्डेल म्हणाला.

“तुझा तुकडा खाऊन झाल्यावर बोल.”

दर गुरुवारी दोघांनी यायचं, असं बाईंनी फर्मान काढलं. लिनिया यायची ती बाराव्या माणसासाठी… निदान पहिल्या गुरुवारी तरी. मग तिच्या लक्षात आलं की वेन्डेल तिचं वाक्य कधीच तोडत नाही. ते संपेपर्यंत थांबतो, आणि संपल्यावरही आणखी क्षणभर, पुढे काही यायचं राहिलं असेल तर म्हणून. फोनवर घाबरलेल्या माणसांचं ऐकायची सवय असणार ती. इतकं नीट आपलं कुणी ऐकलं होतं का यापूर्वी? तिला आठवेना. बुधवारी संध्याकाळीच ती उद्याचे मुद्दे मनात घोळवायला लागायची – आणि मग कोणता स्वेटर घालायचा, तेही.

तिसऱ्या गुरुवारी तिनं टेबलावर एक कागद ठेवला.

“तुमचे गव्हर्नर टीव्हीवरच्या वादात म्हणाले, आठ वर्षांत एकही कर वाढवला नाही. हा पेट्रोलवरचा कर. एकदा वाढवला. ही तारीख पाहा, पुन्हा वाढवला.”

वेन्डेलनं कागद दोनदा वाचला.

“विसरले असतील.”

“दोन्ही वेळा?”

ब्रांटबाईंनी नळ बंद केला.

“तपासतो,” तो अखेर म्हणाला.

“आणि खरं निघालं तर?”

“तर व्यायामशाळेत उभं राहून सांगेन.”

“तुझ्याच माणसांसमोर? वेडा आहेस तू!”

‘तू’ तोंडून निघून गेला होता. लिनियाचे कान तापले. वेन्डेल खिडकीबाहेरचं बर्फ फार लक्ष देऊन पाहायला लागला.

“बरं झालं,” ब्रांटबाई म्हणाल्या. “‘तुम्ही-तुम्ही’ ऐकून मला कर कार्यालयात बसल्यासारखं वाटत होतं.”

मोजणीच्या संध्याकाळी व्यायामशाळेत ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास होता. दारं सात वाजता बंद झाली. ब्याऐंशी माणसं. बास्केटबॉलच्या जाळीखाली लिनियाचा कोपरा, समोर वेन्डेलचा, आणि तिसऱ्या एका उमेदवाराचा मोठा घोळका रंगमंचापाशी. मोजण्याआधी प्रत्येक बाजूच्या म्होरक्याला दोन मिनिटं मिळतात.

वेन्डेल मधोमध आला. हातात कागद नव्हता.

“गव्हर्नर म्हणाले, मी कर वाढवला नाही. त्यांनी तो वाढवला, दोनदा. त्यांच्या राज्याची कागदपत्रं मी स्वतः वाचली. प्रचार कार्यालयाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. म्हणजे ते खोटं बोलले.”

“अरे, तू प्रचार कुणाचा करतोयस?” मागून कुणी तरी ओरडलं. हशा पिकला.

“त्यांचाच,” वेन्डेल म्हणाला. तोही हसला, पण आवाज थोडा कापत होता. “मी याच कोपऱ्यात उभा राहणार आहे. कारण फोन मी उचलतो, आणि पोलिसाऐवजी नर्स पाठवू असं म्हणणारे तेवढे एकच आहेत. पण माझ्याशेजारी जो उभा राहील, त्यानं हे माहीत असून उभं राहावं. एवढंच.”

दोन मिनिटांतलं निम्मं त्यानं स्वतःच्या विरुद्ध खर्च केलं होतं. आपल्याला जमलं असतं? लिनियाच्या मनात आलं.

त्याच्या कोपऱ्यातला न्हावी हॉलिस डोकं खाजवत निघाला आणि लिनियाकडे आला. बारा. ब्रांटबाई व्यायामशाळेच्या मध्यावर एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी पर्स काखेत मारली.

“पोलिसांचं त्याचं पटलं, करांचं तुझं,” लिनियाजवळ येत त्या म्हणाल्या. “पोरगा सोन्यासारखा आहे, पण पोरगा कुठे निवडणुकीला उभा आहे?”

ओळीनं प्रत्येकानं आपापला आकडा उच्चारला. अकरा… बारा… “तेरा!” ब्रांटबाई गरजल्या. लिनियानं टाळ्या ऐकल्या आणि मान वर केली. पलीकडे वेन्डेल डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या वाजवत होता. तिच्यासाठी.

आता फक्त फॉर्म भरायचा राहिला. प्रत्येकानं नाव-पत्ता लिहून तो पुढे सरकवला. सहावं नाव ओरिन पेटचं. गॅरेजवाला, तिच्या यादीतलं पहिलं नाव. पत्ता – हिकरी रस्ता, अकरा.

लिनियाचं पेन थांबलं. जानेवारीत ओरिन तिच्याच खिडकीवर आला होता, ट्रकच्या कागदांवरचा पत्ता बदलायला. मिल रस्त्याच्या पलीकडे राहायला गेलो म्हणाला होता. पलीकडे म्हणजे दुसरा वॉर्ड. त्याच्या हातानं सवयीनं जुना पत्ता लिहिला होता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही सुचलं नव्हतं.

फक्त तिला ठाऊक होतं.

सभाध्यक्ष हात पुढे करून उभे होते. चार महिने… तिनं वर पाहिलं. वेन्डेल अजून हसत होता.

“ओरिन,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. “तू मिल रस्त्यापलीकडे राहतोस ना आता?”

“हो की. नाताळ झाल्यापासून.”

“मग तू या वॉर्डातला नाहीस.”

“अगं, चाळीस पावलांवर तर आहे घर! आणि तिकडचं दार आता बंदही झालं असेल!”

“माझीच चूक आहे. यादी करताना मला आठवायला हवं होतं. माफ कर, ओरिन.”

ओरिन कुरकुरत प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसला. एक्याऐंशीतही तेराच लागत होते, आणि लिनियाकडे बारा. अध्यक्षांनी कोपरा मोडल्याचं जाहीर केलं; फेरबदलाला पंधरा मिनिटं. हॉलिस खांदे उडवून परत निघाला. ब्रांटबाई मात्र हलल्या नाहीत.

वेन्डेल मैदान ओलांडून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मी येतो,” तो हळूच म्हणाला. “नियमात बसतं. हॉलिसला थांबव, मी तेरावा.”

“का येतोस?”

“तू आत्ता जे केलंस ना, ते…”

“ते मी केलं, सिनेटरबाईंनी नाही. उद्या सकाळी तुझा फोन वाजेल. पुन्हा कुणाची तरी आई असेल. तेव्हा तुला वाटेल ना, की मी तिकडे का गेलो?”

तो थांबला. तिचं वाक्य संपल्यावर, नेहमीसारखा, आणखी क्षणभर.

“हो,” तो म्हणाला. “वाटेल.”

या जागी दुसरा कुणीही गोड खोटं बोलला असता, आणि तिला ते आवडलंही असतं – आठवडाभर. लिनियाला एकदम हलकं वाटलं. कोपरा गेला होता, आणि तरी हलकं वाटत होतं.

“मग जा परत तिकडे. मी काही येणार नाही. गव्हर्नरला माझं मत मिळायचं नाही.”

“माहीत आहे.”

“तुला मात्र आहे.”

“काय?”

“मत,” लिनिया म्हणाली. आता तिचे डोळे बुटांवर होते. “मघापासून… नाही, खरं सांगू? तिसऱ्या गुरुवारपासून.”

वेन्डेलनं तिच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं, खिशात ठेवलं, आणि रिकाम्या झालेल्या त्या हातात आपली बोटं गुंफली.

“मिस हाउगेन,” अध्यक्षांनी हाक मारली, “तुम्ही कुठल्या कोपऱ्यात जाताय?”

“कुठल्याच नाही. इथेच थांबते. यांचं मोजून होईपर्यंत.”

“मीही थांबते,” ब्रांटबाई म्हणाल्या. “हे चुकवायला मी काही खुळी नाही.”

वेन्डेल कसाबसा आपल्या कोपऱ्यात पोचला. पुन्हा मोजणी सुरू झाली. घर जळत असताना, बाळ येऊ घातलेलं असताना ज्याचा फोनवरचा आवाज कधी ढळला नव्हता, तो एकोणतीस आणि तीस झाल्यावर, एकतीस म्हणायच्या जागी, मैदानापलीकडे लिनियाकडे पाहत म्हणाला, “चौदा.”

सगळ्या कोपऱ्याला पहिल्यापासून मोजावं लागलं.