दोरीवरची बंडी

आभाळ भरून आलं, आणि कुपवाडच्या त्या गच्चीवर मल्हार दोरीकडे बघत उभा राहिला... चंद्राकडे बघावं तसा!

दोरी काही फार उंच नव्हती. नुसता हात वर केला की झालं. पण नेमकं तेवढंच त्याला करायचं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, टाके ताणतात. आणि दोरीवर वाळत होती ती त्याची दुसरी बंडी. छाती घट्ट आवळून धरणारी, पुढून आकड्यांची. एक अंगात, एक धुण्यात, असा तिचा फेरा. आज ही भिजली तर उद्या टाक्यांवर काय, ओलं फडकं चढवायचं?

टपकन एक थेंब नाकावर पडला. मार्गशीर्षातला पाऊस... ना बोलावलेला, ना सांगून आलेला.

"ओ पावणं, दोरीवर नाग बसलाय व्हय?"

जिन्याच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती. ओढणीच्या काठाला ओळीनं कपड्यांचे चिमटे लावलेले. घरमालकीण अंबूबाईंची भाची फलटणहून राहायला येणार, इथल्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर लागणार, असं त्यानं ऐकलं होतं. क्रांती ती हीच.

"तेवढी बंडी... काढून देता का?"

"आत्ता! एवढा दांडगा गडी, आन् बंडी काढाया बाई लागती?"

"ऑपरेशन झालंय."

"कुठं?"

"मिरजेत."

"गाव न्हाई इचारलं! अंगावर कुठं?"

मल्हारचा हात आपसूक छातीवर गेला. 

"अगं बाई... काळजाचं?" क्रांतीचे डोळे मोठे झाले. दोन ढांगांत ती दोरीपाशी पोचली, बंडी ओढली, पदराखाली लेकरू घ्यावं तशी ओढणीखाली घेतली. "मग पावसात काय हुबं ऱ्हायलाय? चला आत!"

काळजाचं नाही, असं तो म्हणाला नाही. तिथंच चुकलं.

*

मल्हार माणदेशातला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. पाळण्यात घालताना घरच्यांनी त्याला मुलीचं नाव दिलं होतं. ते नाव त्याला कधी बसलंच नाही, दुसऱ्याची चप्पल पायात यावी तसं रोज चावत राहिलं. जाणता झाल्यावर मल्हार हे नाव त्यानं आपलं आपण घेतलं. कुपवाडात लेथवर हात बसवला. डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी मिसरूड फुटली, आवाज भरला. पण सगळं छातीपाशी येऊन अडायचं. आत घट्ट पट्ट्या, वर ढगळ सदरा, खांदे पुढं, पाठीला पोक. भर तारुण्यात माणूस म्हाताऱ्यासारखा चालायचा.

आणि गावच्या बिरोबाच्या यात्रेत तर रिंगण असायचं गजीच्या नाचाचं! ढोल घुमायचा, सनई चढायची, पांढऱ्या अंगरख्यातले गडी दोन्ही हातांत रंगीत रुमाल घेऊन आभाळाला हात लावायचे. पुढं ढोलावर त्याचा बाप, अर्जुना. मल्हार बायकांच्या घोळक्यातून बघायचा, आणि त्याचे हात दोन्ही काखांत गच्च मिटलेले असायचे.

ऑपरेशनचं कळलं तेव्हा अर्जुना फोनवर बराच वेळ नुसता खाकरला. मग म्हणाला, "चैताच्या यात्रंला ये. गजीत हुबा ऱ्हा. पर हात वर लागत्यात गड्या. चोरून धरल्यालं हात मला रिंगणात नगंत."

तेवढ्या एका वाक्यावर मल्हार उताणा झोपत होता, पाठीला उश्यांची उतरंड लावून. कुशीवर वळायचं नाही, वजन उचलायचं नाही, शिंक आली तरी छातीला उशी दाबून धरायची.

क्रांती रोज ताट घेऊन यायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"हळू चढ रं जिना! काळजावर ताण नगं."

"ताण जिन्याचा न्हाई..."

"मग?"

"कायी न्हाई. आमटी झ्याक झालीया."

"लबाड! अजून चाखली बी न्हाईस!"

*

मग आईची पुडी आली. गाववाल्याच्या हाती पाठवलेला बिरोबाचा भंडारा. पिवळाधमक. 'टाक्यांवर लाव, देव राखंल.' डॉक्टरीणबाईंनी हळद, तेल, पावडर, काही म्हणता काही लावायचं नाही असं सांगितलं होतं. पण आईची माया आणि देवाचं देणं, दोन्ही एकदम परत कसं करायचं? मल्हारनं चिमूट सोडली. या टाक्यावर, त्या टाक्यावर.

सकाळी छाती पेटली होती. खाज, आग, लाली. यात्रेचं रिंगण डोळ्यांसमोर गरगर फिरून पार लांब गेलं. पायरीवर बसलेला त्याचा चेहरा बघून क्रांतीनं स्कूटी काढली. ती पुढं, तो मागं, आणि दोघांच्या मधे ती उशी! रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा उशीनं झेलला.

डॉक्टरीणबाईंनी हळूहळू सगळं पिवळं धुऊन काढलं. "जखम आत बिघडली नाहीये, थोडक्यात वाचलात. देवावर भार ठेवा हवा तेवढा, टाक्यांवर काही ठेवू नका. ताप आला, पू दिसला, तर लगेच या." औषध लिहून दिलं.

बाहेर क्रांती दारावरची पाटी वाचत होती.

"हितं काळजाचा डॉक्टर न्हाई, मल्हार."

दोघं चालत सतारीच्या दुकानांपर्यंत आले. दारात वाळके भोपळे टांगलेले, आत कुणीतरी तार जुळवत होतं. मल्हार उशी पोटाशी धरून उभा राहिला.

"मी जन्मलो तवा घरच्यांस्नी वाटलं, पोरगी झाली. मला... कवाच तसं वाटलं न्हाई. छातीवर जे माजं नव्हतं, ते काढून टाकलं. बस्स. एवढंच ऑपरेशन."

आत तार चढत होती... आणखी थोडी... आणखी...

"म्हंजी काळीज शाबूत हाय?"

"व्हतं," तो म्हणाला. "तू बंडी काढून देस्तवर."

ती हसली नाही. स्कूटीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ताट अंबूबाईंनी आणलं. तिसऱ्या दिवशीही. लाली उतरली, आग निवली, पण गच्ची सुनी ती सुनीच. गेलं, मल्हारनं मनाशी म्हटलं. हे व्हायचंच होतं.

आणि मग जिन्यावर पावलं वाजली, धाडधाड!

"सोमवार धरलं मी! तुज्या काळजासाठी! साबुदाणा बघितला तरी मळमळतंय मला! आत्यानं मारुतीला नारळ फोडला, त्यो येगळाच!"

"म्हंजी... राग उपासाचा हाय?"

"मग कशाचा?"

"मला वाटलं, मी असा म्हणून—"

"असा म्हंजी कसा? पयल्या दिवशी दोरीखाली गडी बघितला, आज बी गडीच बघती. तू खरा हायस रं. खोटा व्हता त्यो निस्ता आजार!"

मल्हारनं छातीशी धरलेली उशी खाली ठेवली. 

"परत खोटं बोलशील?"

"न्हाई."

"मग आमटी कशी झालीया सांग."

"...खारट."

तेव्हा कुठं ती हसली. गच्चीभर.

*

टाके निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भिंतीवर बोटं चढवा, मुंगी चढते तशी. दुखलं की थांबा. क्रांतीनं खडू आणला. जिथं बोटं थांबत, तिथं रेघ.

"काल हितं व्हता."

"आजबी हितंच हाय."

"डोळं फुटलं का? बोटभर वर हाय! माल तपासती मी, मला शिकवू नगं."

रेघा चढत गेल्या, वेलीसारख्या. जखमा पुरत्या भरल्यावर मल्हार वणांवर मलम लावून हलक्या बोटांनी दाबायला शिकला. कुठं मुंग्या येत, कुठं अजून काहीच कळत नसे. आरशात दोन आडव्या रेघा दिसत, पेरणीआधी ओढलेल्या तासांसारख्या. एकदा तसंच बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, पाठ सरळ आहे. कुणी सांगितलं नव्हतं. आपली आपण झाली होती.

शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी वारा सुटला. क्रांती बादली घेऊन वर आली, तर दोरीवरची तिची ओढणी मल्हारच्या हातात. वर गेलेला हात अजून खाली यायचा होता.



"एवढी दांडगी बाई," तो म्हणाला, "आन् ओढणी काढाया गडी लागतो?"

"दे हिकडं!"

"दीन की. पर आदी सांग, यात्रंला येशील?"

"कुनाची कोन म्हणून येऊ?"

मल्हारनं ओढणीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"माजी... म्हणून."

क्रांतीनं ओढणी ओढून घेतली आणि जिना उतरली. खालून आवाज आला, "आत्या, चैतात सुट्टी टाकू का गं?"

*

माळावर माणसं मावत नव्हती. पांढरा अंगरखा, लाल फेटा घालून मल्हार रिंगणाच्या कडेला आला. आतल्या गड्यांत कुजबूज झाली. एकानं खांदा आखडता घेतला. अर्जुनानं ढोल थांबवला.



म्हातारा चालत आला. लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग ताठ पाठीवर थाप मारली. कमरेचे दोन रुमाल सोडून त्याच्या हातांत कोंबले, आणि वळून साऱ्या माळाला ऐकू जाईल असं गायला लागला,

"उंच माळावरी झाड, त्याच्या फांद्या आभाळात,
ल्योक अर्जुनाचा आला आज गजीच्या खेळात!"

ज्यानं खांदा आखडला होता, त्यानंच सरकून जागा केली.

ढोलावर टिपरू पडलं. मल्हारचे हात उठले. कमरेपर्यंत... खांद्यापर्यंत... तिथं क्षणभर अडले. बायकांच्या घोळक्यातून एक आवाज चिरत आला, "बोटभर वर हाय रं अजून!"

आणि हात गेले! थेट वर, रुमालांसकट, उन्हात. छाती पुढं, मान ताठ. सनई चढली, धूळ उठली, रिंगण फिरलं, आणि मल्हार असा नाचला, असा नाचला की अंबूबाईंनी तिथल्या तिथं बोटं मोडून दृष्ट काढली.

खेळ थांबला. क्रांती गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर आली. मुठीत भंडारा.

"टाक्यांवर लावायचा नसतो, येडबाप्या," ती म्हणाली. "असा उधळायचा असतो!"

तिनं मूठ सोडली. पापण्या, मिशी, अंगरखा, सगळं पिवळं पिवळं झालं. आईनं लांबून हात जोडले.

"हात खाली घे की आता. दुखतील."

"दुखू देत. लय वर्सांनी वर गेल्यात."

"मग एक तरी दे माज्या हातात!"

मल्हारनं एक हात तिला दिला. दुसरा तसाच ठेवला, वर.