जहाजाचे की बेटाचे?

काच वर कर रे, रेमिहियो. हसतोस काय? वारा समुद्राकडून येतोय आणि माझे गुडघे तुझ्यासारखे पंचविशीचे नाहीत. शेवटचं जहाज गेलं, आता आपल्या टॅक्सीत कोण बसायला येणार आहे? त्या नेल्सनलाही बोलव. मघापासून मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलाय.

संध्याकाळी तू त्या बाईला काय म्हणालास? "अजून भरपूर वेळ आहे, सेन्योरा." कुठल्या घड्याळात बघून म्हणालास? बघ, पडलं ना तोंड! ऊर फुटेस्तोवर पळाली बिचारी धक्क्यावरून. धक्क्यावरच्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कुठला विचारायचा? कुठं जायचं, हा नव्हे. वाजलेत ते जहाजाचे की बेटाचे, हा. ही जहाजं आपलं घड्याळ घरून घेऊन येतात. मार्चपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते आपल्या तासभर पुढं असतं. तुझ्या हातावर सात वाजले की जहाजावर आठ, आणि जहाज स्वतःच्या आठला सुटतं. सगळ्या कोसुमेल बेटाला हे ठाऊक आहे, तुला सोडून.

आपल्याच रांगेतला नासारियो कानुल यात कधी चुकला नाही. तो दोन्ही हातांत घड्याळं बांधायचा. डावं बेटाचं, उजवं जहाजाचं. आम्ही चिडवायचो, "दोन बायका केल्यास की काय रे, दोघींना वेगवेगळी वेळ देतोस ती?" तोही हसायचा तेव्हा.

त्याचीच गोष्ट सांगतो. भुताची म्हणा, नका म्हणू. नासारियोनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि शेवटाला मी शेजारीच उभा होतो. त्याच्या पोराचा मी धर्मबाप. बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं त्याला, आणि त्यानं माझा नवा कोरा सदरा भिजवला होता.

एल्मेर त्याचं नाव. जहाजावर खोल्या आवरायच्या कामाला लागला होता. त्याचं जहाज एक शुक्रवार सोडून इथं लागायचं. मग काय, नोकरमंडळींना चार तास सुट्टी. बाकीचे फाटकाबाहेरच्या कोपऱ्यावर उभे राहून मोबाइलमध्ये घरच्यांची तोंडं बघायचे. आमचा मात्र बापाच्या गाडीत पुढं बसून घरी जायचा, आईच्या हातचं चापायचा, आणि बाप त्याला वेळेवर परत आणून सोडायचा. एकदाही उशीर नाही.

मग मार्चमधली एक सकाळ. एल्मेर कामावर आला नाही. जहाज पालथं घातलं, सापडला नाही. "रात्री समुद्रात पडला असावा," असं कंपनीनं कळवलं. देह मिळाला नाही.

फिदेन्सिया, म्हणजे त्याची आई, हे मानायलाच तयार नव्हती. आपल्याकडं मेलेल्यांच्या दिवसांत त्यांची ताटं मांडतात. तिनं ऑक्टोबरमध्येच बजावून ठेवलं, "माझ्या आईचं मांडीन, सासूचं मांडीन. एल्मेरचं मांडणार नाही. ताट मांडलं की तो मेला."

आणि नासारियो? रडलाही नाही. गाडी पुसायचा, रांगेत लावायचा, लोकांना नेऊन सोडायचा. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसा अख्खा माणूस झाला होता. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. वाटायचं, बाबा, एकदा ओरड तरी!

तर, साल दोन हजार चोवीस. पहिली नोव्हेंबर, शुक्रवार. मोठ्या माणसांच्या आत्म्यांचा दिवस. फिदेन्सियाचा फोन आला, "मेणबत्त्या संपल्यात, येताना घेऊन या." नासारियो दक्षिणेच्या धक्क्यावर गिऱ्हाईक सोडून त्याच कामाला निघाला. नुकता अंधार पडत होता. धक्क्याला एकच जहाज होतं. एल्मेरचं. आठला सुटणार होतं. म्हणजे बेटाचे सात.

फाटकाबाहेरच्या कोपऱ्यावर जहाजाची पोरं उभी होती. त्यातल्या एकानं हात केला. नासारियोनं सवयीनं गाडी बाजूला घेतली. पुढचं दार उघडलं. तो आत बसला.

"घरी चला, पापा."

"आणि पळाला नाही तो?" असंच विचारणार ना, नेल्सन? कुठं पळणार? गाडी स्वतःची, पोरगा स्वतःचा. मला म्हणाला, "इलारियो, भीती नाही वाटली. आनंदही नाही झाला. मी इंडिकेटर दिला आणि वळलो."

किनाऱ्याच्या रस्त्यावर ही गर्दी. तोंडं रंगवलेली पोरं, फुलं, बँडवाले. एल्मेर काच खाली करून बघत होता.

"आईनं पीब केलाय?"

"केलाय."

"कोंबडीचा?"

"कोंबडीचाच."

एवढंच बोलणं. नासारियोनं एकदाही मान वळवली नाही. वळून बघितलं आणि शेजारी कोणी नसलं तर... म्हणून.

घरी फिदेन्सिया मागच्या पडवीत होती. जमिनीखालच्या भट्टीतून मक्याच्या पिठाचा जाडजूड पीब काढला होता, त्यावरची करपलेली केळीची पानं सोलत होती. पाठ दाराकडं.

"आणल्या मेणबत्त्या?"

"विसरलो. फिदे, एक ताट जास्त घे."

"पुन्हा तेच? मी एकदा सांगितलं ना तुम्हाला..." म्हणत ती वळली.

आणि थांबली.

तिला काय दिसलं, दिसलं की नाही, नासारियोला शेवटपर्यंत कळलं नाही. ती बराच वेळ दाराकडं बघत राहिली. मग फळीवरून एक ताट काढलं. एप्रनला पुसलं.

"हात धुतलेस का?" तिनं विचारलं. नासारियोला नव्हे.

तिघं बसली. कोणी रडलं नाही, कोणी कोणाला मिठी मारली नाही. पोरगा नेहमीसारखा खाली मान घालून जेवत होता. आई वाढत होती. नासारियो सांगायचा, "घरात इतकं शांत कधीच नव्हतं."

आता हे बघा, ते येतात, जेवतात, जातात. जाऊ द्यायचं असतं. धरून ठेवला तो ना इकडचा राहतो, ना तिकडचा. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. नासारियोलाही होतं.

एल्मेरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. त्यात साडेसहा झाले होते.

"पापा, हे जहाजाचे की बेटाचे?"

नासारियोच्या उजव्या हातावर साडेसात होते. निघायलाच हवं होतं. त्यानं तो हात हळूच मेजाखाली घेतला.

"जहाजाचे."

"मग वेळ आहे."

"आहे. सावकाश खा."

फिदेन्सियानं नवऱ्याकडं बघितलं. भिंतीवरचं घड्याळ कुठलं, हे तिला ठाऊक नव्हतं होय? तिनं आणखी एक तुकडा वाढला.

बाहेर बँड थांबला.

कुत्रं भुंकेना.

मेणबत्त्या नव्हत्या, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा तेवढा चालू होता.

आणि मग, सातला... जहाजाचा भोंगा.

एक.

एल्मेरचा हात ताटातच थांबला.

दुसरा...

त्यानं मान वर केली. बापाकडं बघितलं.

तिसरा.

"पापा."

...

"पापा, वेळ खरी सांगितलीत ना?"

नासारियोनं उजवा हात मेजाखालीच ठेवला.

...

फिदेन्सियानं पाण्याचा पेला त्याच्याकडं सरकवला.

...

"जेव," शेवटी ती म्हणाली. "गार होतंय."

तो जेवायला लागला.

हे नासारियोनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. इथंच, रांगेत, कॉफी पिता पिता. भाजीचे भाव सांगावेत तसं. मी म्हटलं, "अरे, तुला झोप नाही, डोकं फिरलंय तुझं. चल, घरी सोडतो." तर तो म्हणाला, "नको. घरी गेलं की तो विचारतो, पुढचं जहाज कधी."

तेवढ्यात बंदरातल्या एजंटच्या ऑफिसातली एक मुलगी गाड्यांमधून वाट काढत आली. नवीन होती, चार दिवसांमागं कामाला लागलेली.

"नासारियो कानुल कोण?"

त्यानं हात वर केला.

"काय हो, काल तुमच्या पोराचं जहाज चुकलं म्हणे! जेवायला घरी गेला असेल, हो ना?" तिनं एक पाकीट पुढं केलं. कोणी मागं राहिलं की सुटण्याआधी जहाजावरचे त्याचा पासपोर्ट एजंटकडं ठेवून जातात, त्यातलंच ते. "त्याला म्हणावं, विमानानं जा आणि उद्या पुढच्या बंदरात जहाज गाठ. नाहीतर नोकरी गेली समज."

नासारियोनं ते घेतलं नाही. पाकीट मी घेतलं, उघडलं. एल्मेरचाच पासपोर्ट. फोटो, सही, सगळं त्याचंच. मार्चमध्ये कंपनीनं कळवलं होतं की पासपोर्ट त्या रात्री त्याच्या खिशात होता, त्याच्याबरोबरच समुद्रात गेला.

"आहे कुठं तो?" मुलीनं विचारलं.

"घरी आहे," नासारियो म्हणाला.

"मग लवकर निघायला सांगा त्याला."

"तो नाही जायचा आता. त्याची आई वाढत्येय त्याला."

आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचं तोंड वाकडं झालं, तो रडायला लागला. मुलगी घाबरून गेली. मी त्याला गाडीत बसवलं, पाणी पाजलं. पासपोर्ट माझ्या हातातच राहिला होता. नंतर मी त्याचं पान न् पान उलटून बघितलं रे... कोरडा होता. अगदी कोरडा.