बांधून घेतलेलं बोट

साहेब, यंत्रानं शहादेवचं एक बोट तोडलं, पण त्याचा संसार तोडला तो तुम्ही! ऊस ओढून नेणाऱ्या साखळीवरची, हात अडकू नये म्हणून लावलेली लोखंडी जाळी तुमच्या हुकमानं काढून ठेवली होती, हे कारखान्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तरी दवाखान्यात येऊन, नाकाला रुमाल लावून तुम्ही विचारलंत काय, तर "अंगात ताप असताना याला कामावर धाडलं कुणी?" जाळीचं नाव नाही, हुकमाचं नाव नाही... खाटेवरल्या माणसाला त्याच्याच घरात गुन्हेगार शोधायला लावलंत आणि गाडीत बसून निघून गेलात!

त्या खाटेशी दोघी उभ्या होत्या, शहादेवची आई चतुराबाई आणि बायको वनमाला. तापानं फणफणलेल्या शहादेवला हलवून उठवलं होतं ते चतुराबाईनं, हजेरी बुडेल या धास्तीनं; तापाच्या ग्लानीत हलवणारा हात कुणाचा, ते त्याला उमजलंच नव्हतं. तुमचा प्रश्न ऐकला आणि म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. वनमालानं तो पाहिला. आई-लेकाचं नातं एकदा तुटलं तर पुन्हा सांधणार नाही, नवरा-बायकोचं काय, आज ना उद्या सांधेल... असं त्या भोळ्या जिवाला वाटलं, आणि ती पुढं होऊन म्हणाली, "मी धाडलं."

नाही सांधलं! त्या दिवसापासून शहादेवनं बायकोशी बोलणं टाकलं. सिरसाळ्याच्या त्या दोन खोल्यांत हाताच्या अंतरावर बसलेल्या बायकोला तो लेकीच्या तोंडून निरोप द्यायचा.

"ऋतू, तुज्या आईला सांग, भाजीत मीठ लई झालंय."

"आई, अण्णा म्हनतेत मीठ लई झालंय," कॉलेजातली ऋतुजा हसत सांगायची. तिला वाटायचं, हसण्यावारी नेलं तर कधीतरी दोघंही हसतील. वनमाला मात्र आपल्या पिठाच्या गिरणीवर जायची, दिवसभर पट्ट्याच्या घरघरीत उभी राहायची, आणि तिथं कुणाला ऐकू जाणार नाही असं मन भरून रडून यायची.

कारखान्यात शहादेव रंगारी होता. मोठमोठ्या टाक्या फवाऱ्यानं रंगवायचा. गाळपाच्या दिवसांत माणूस कमी पडला म्हणून त्याला साखळीवर उभं केलेलं. आता घरात बसून तो पातळ फोमशीटच्या वीतभर एस.टी. बस बनवायचा. खिडक्या, शिडी, आरसे, पाटीवरचं 'परळी - बीड'... बघणाऱ्याला वाटावं, आत्ता घंटी वाजेल! पण रंगाची पाळी आली की उजव्या हाताची तर्जनी नसलेली ती मूठ ब्रश धरायची आणि लालजर्द अंगावर नांगरल्यासारखे फराटे उमटायचे. मग तो ती बस दोन्ही हातांनी चुरगाळून टाकायचा. प्रत्येक चुरगाळलेल्या बसबरोबर वनमालाचं काळीज चुरगाळलं जायचं.

एके दिवशी ऋतुजा म्हणाली, "आई, अण्णा मोबाइलवर एकच व्हिडिओ घोळून घोळून बघतेत. एअरब्रशचा. बारका फवारा असतोय बघ, मॉडेल रंगवायचा. फराटा म्हणून उमटत न्हाई."

"मग इचार त्यांना, आणू का?"

"इचारलं. म्हनले, त्याला बोट लागतंय."

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप घालून मायलेकी बीडला गेल्या.

रंगसाहित्याच्या दुकानात अशफाकभाईंनी काचेवर पेटी उघडली. "नवशिक्याला हाच बरा, भाभी. पेनासारखा धरायचा. वर रंगाची वाटी. पहिल्या बोटानं बटण दाबलं की हवा, मागं वढलं की रंग. सगळे हाच नेतात."

"ऋतू, तुज्या केसाचं रबर दे."

वनमालानं आपली तर्जनी तळव्यात दुमडली आणि रबराचे वेढे देऊन करकचून बांधली. दुकानातली दोन पोरं फिदीफिदी हसली. "काकू, जादू दाखवताव का?"

"हसा, बाबांनो, हसा. पर त्या वाटीत पाणी घाला आन मला कागद द्या."

पेनासारखा तो ब्रश तिच्या हातात मासळीसारखा निसटायला लागला. अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं धरावा, तर बटण दाबायला उरतं कोण? तिनं दुसरा घेतला, बाजूला वाटी असलेला. तोही निसटला. तिसराही! घामानं तिचं कपाळ डबडबलं. अशफाकभाईंचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांनी मुकाट्यानं खालच्या फळीवरून एक डबा काढला. "हा बघा. पिस्तुलावानी हाय, खाली घोडा. मुठीत धरायचा."

वनमालानं मूठ आवळली. मधल्या बोटानं घोडा जरासा ओढला, हवा सुटली. आणखी ओढला आणि कागदावर पाण्याची दोऱ्याएवढी रेघ उमटली. सरळ! अखंड! तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"भाभी, घरात कुणाचं..." अशफाकभाई चाचरले.

"मालकाचं."

"मंग टाकीवाला कंप्रेसर न्या. बिनटाकीचा धापा टाकतो, एकसारखी हवा देत न्हाई."

"धापा टाकायला आजी हाय की घरी," ऋतुजा म्हणाली, आणि रडता रडता वनमालाला हसू फुटलं.

परतीच्या बसमध्ये ऋतुजा रबर काढायला लागली, तर वनमालानं हात ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे." त्या हातानं तिनं तिकीट घेतलं, ते खाली पडलं. पाण्याची बाटली उघडायला गेली, ती सांडली. शेजारणीनं वाटाणे दिले, तेही घरंगळले. 'एवढं... एवढं होतंय काय ओ तुमाला दिवसभर!' तिचं अंतःकरण व्याकूळ होऊन आक्रंदत राहिलं, आणि बोट सुजत राहिलं.

घरी शहादेवनं पेटी उघडली. घोड्यावर नजर गेली आणि त्याचा चेहरा काळवंडला. जगभरच्या पोरांच्या हातात पेनासारखा ब्रश, आणि त्याला हा वेगळा... थोट्याचा!

"ऋतू, तुज्या आईला इचार, शिमगा आलाय का? पिचकारी कावून आणली? आधी बोट घेतलं, आन आता वरून खेळणं देती व्हय!" त्यानं पेटी ढकलली. नळी, वाटी, झाकण, सगळं फरशीवर विखुरलं.

वनमाला खाली बसली. एकेक वस्तू वेचायला गेली, आणि त्या बांधलेल्या हातातून वाटी निसटली, उचलली, पुन्हा निसटली...

कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलणारी चतुराबाई एकटक बघत होती. तिच्या हातातलं सूप खाली आलं. "सूनबाई, बोटाला काय झालं गं?"

"दुकानात आईनं असंच बांधून समदे ब्रश धरून बघितले, आजी," ऋतुजा हुंदके देत म्हणाली. "अण्णांना कोणता जमंल म्हणून. बीडपासून सोडलंच न्हाई!"

"आगं माय गं..." म्हातारी उठली. "शहाद्या! तिनं न्हाई धाडलं तुला! मी उठवलं, मी! ती माजा हात धरून म्हनत व्हती, आत्या, अंग तापलंय, निजू द्या. साहेबाम्होरं माजी वाचा बसली, आन माजं पाप हिनं आपल्या डोक्यावर घेतलं. मी मेली गप ऱ्हायले... ल्योक तुटंल म्हणून गप ऱ्हायले रे!"

शहादेवनं आईकडं असं पाहिलं की ती भिंतीकडं सरकली. तो एक पाऊल पुढं आला... आणि वनमाला मधे उभी राहिली.

"त्यांना एक सबूद बोलायचा न्हाई! जाळी काय घरातल्या बायांनी काढली व्हती?"

शहादेव जागच्या जागी थिजला. सावकाश तो बायकोसमोर गुडघ्यांवर बसला, तिचा हात हातात घेतला, आणि आपल्या उरलेल्या बोटांनी त्या सुजलेल्या बोटावरचा एकेक वेढा सोडवू लागला. रबर मांसात रुतलं होतं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या तळव्यावर टपटप गळलं.

"दुखतंय का गं?" त्यानं विचारलं. लेकीला नव्हे... तिला!

"दुखतंय," वनमाला म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही, पण नजरही खाली घातली नाही. "पर ह्या बोटाचं ऱ्हाऊ द्या. तापात कुणी धाडलं, कावून धाडलं, साहेबानं इचारलं, भावकीनं इचारलं, गिरणीवर येणाऱ्या बाया इचारायच्या... तुमी कावून न्हाई इचारलं? एकडाव तरी, मला? सांगा. ऋतूला न्हाई, माज्याकडं बघून सांगा!"